नसीहत देणारे पुष्कळ, ऐकून घेणारे हवेत

मुलाच्या दप्तरात खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या सापडतात, किंवा रात्री उशिरा आलेल्या भावाच्या तोंडाला वास येतो. पुढे काय होते हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. पहिले काही महिने गोष्ट चार भिंतींच्या आत दाबली जाते. मग मामूंना बोलावणे जाते, ते रागावतात. इमामसाहेब जवळ बसवून समजावतात. कुणी दम केलेले पाणी आणून देते, कुणी सुचवते की निकाह लावून द्या, जबाबदारी पडली की सुधारेल. मुलगा मान खाली घालून सर्वांचे ऐकतो, रडतो, कसम खातो आणि पंधरा दिवसांनी पुन्हा त्याच टपरीच्या मागे दिसतो.

या साऱ्या धावपळीत एक माणूस कुठेच नसतो. ज्याने या आजाराचे रीतसर शिक्षण घेतले आहे आणि मुलाचे बोलणे न रागावता पूर्ण ऐकून घेणे हेच ज्याचे काम आहे, असा माणूस. त्याला व्यसनमुक्ती समुपदेशक म्हणतात. डॉक्टरकी, इंजिनिअरिंग, डी.फार्म., बी.एड. या रांगेत आपल्या मुला-मुलींच्या कानावर या पेशाचे नाव सहसा पडत नाही. हा पेशा काय आहे, त्यात कसे जाता येते आणि आपल्या समाजाला त्याची गरज का आहे, हे या लेखात पाहू.

किती मोठा प्रश्न?

केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या एम्समार्फत देशभर पाहणी करून घेतली होती. तिचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. १० ते ७५ वर्षे वयोगटातील १४.६ टक्के लोक, म्हणजे सुमारे १६ कोटी माणसे, दारू घेतात असे त्यात आढळले. त्यांपैकी ५.७ कोटींहून अधिक लोकांचे पिणे इतके वाढलेले होते की त्यांना मदतीची गरज होती. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांमागे फक्त एकाला कसली तरी मदत मिळाली होती. नाकाने हुंगायच्या नशेचे प्रमाण तर मोठ्यांपेक्षा मुलांत अधिक निघाले: मोठ्यांत ०.५८ टक्के, मुलांत १.१७ टक्के. पंक्चरचे सोल्युशन आणि व्हाइटनर ही त्या नशेची साधने आहेत, आणि ती कोणत्याही दुकानात मिळतात.

आपल्याकडे दारू पिणारे कमी, म्हणून आपण या प्रश्नातून सुटलो, असे समजणारे लोक मला नेहमी भेटतात. पण नशा बाटलीतूनच येते असे नाही. मालेगावात झोपेच्या-चिंतेच्या गोळीला पोरांनी 'कुत्ता गोली' असे नाव ठेवले आहे; ती मुळात अल्प्राझोलाम नावाची, डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळणारी गोळी. कोडीनयुक्त कफ सिरप, गांजा आणि 'एमडी' म्हणून ओळखले जाणारे मेफेड्रोन यांनी तर शहर-गाव असा भेद ठेवलेला नाही. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी शाळेच्या कुंपणाबाहेर मला त्याच्या पुड्या रोज दिसतात. शिवाय गोळी किंवा सिरप घेणारा मुलगा आपण काही हराम प्यायलो नाही अशी स्वतःची समजूत काढू शकतो. दवाच तर आहे, असे त्याचे म्हणणे असते.

'हराम' म्हटल्यावर बोलणे थांबते

नशा हराम आहे याबद्दल आपल्या घरांत दुमत नाही. व्यसनात अडकलेल्यालाही ते माहीत असते, आणि त्यामुळेच तो लपवतो. गुन्ह्याची जाणीव त्याला आतून खाते, ती विसरायला तो पुन्हा नशा करतो. आई लपवते कारण बहिणीचे स्थळ मोडेल. बायको लपवते कारण माहेरी तोंड दाखवायला जागा राहणार नाही. असा आजार घरात पाच-सात वर्षे मुरतो आणि मग एखाद्या रात्री अचानक दवाखान्यात पोहोचतो.

सहीह बुखारीत एक प्रसंग नोंदलेला आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या काळात एका सहाबींना दारू प्यायल्याबद्दल वारंवार आणले जाई आणि शिक्षाही होई. एकदा जमलेल्यांपैकी एकाने त्यांच्यावर लानत पाठवली. प्रेषितांनी (स.) त्याला तसे करण्यापासून रोखले आणि सांगितले की या माणसाच्या मनात अल्लाह व त्याच्या प्रेषिताविषयी प्रेम आहे. गुन्ह्याला गुन्हा म्हणूनही माणसाला आपल्यातून बाहेर काढायचे नाही, ही शिकवण आपल्याकडे आधीपासून आहे. दारूबंदीचा हुकूमही टप्प्याटप्प्याने आला, हे मदरशातल्या मुलालाही माहीत असते. मन तयार व्हायला वेळ लागतो, हेच आजचे समुपदेशनशास्त्रही सांगते.

समुपदेशक नेमके करतो काय?

समुपदेशन म्हणजे गोड बोलून समजावणे, असा समज आहे. प्रत्यक्षात ते शिकावे लागणारे काम आहे. पहिल्या भेटीत समुपदेशक माहिती घेतो: कोणता पदार्थ, कधीपासून, किती, कुणाबरोबर, शेवटचा कधी घेतला. दारूसाठी जागतिक आरोग्य संघटनेने तयार केलेली 'ऑडिट' नावाची दहा प्रश्नांची चाचणी आहे. ४० पैकी ८ किंवा अधिक गुण आले तर पिणे धोक्याचे मानतात, २० किंवा अधिक आले तर दारूवरील अवलंबित्वाची शंका घेऊन पुढील तपासणी करतात. अशी मोजमापे वापरल्याने 'थोडीशीच घेतो' आणि 'रात्रंदिवस पितो' या दोन टोकांच्या मधली खरी स्थिती कळते.

दुसरे काम धोका ओळखण्याचे. रोज भरपूर दारू पिणाऱ्याने ती एकदम बंद केली तर दोन-तीन दिवसांत हात थरथरणे, घाम, भास, फिट येणे असे त्रास होतात आणि वेळेवर उपचार न मिळाल्यास जीवही जाऊ शकतो. झोपेच्या गोळ्या एकदम तोडल्या तरी फिट येऊ शकते. म्हणून मुलाला खोलीत कोंडून 'चार दिवसांत उतरेल' म्हणणे फार धोक्याचे आहे. हा टप्पा डॉक्टरच्या देखरेखीखाली पार पाडावा लागतो. समुपदेशक औषध देत नाही. कुणाला ताबडतोब डॉक्टरकडे पाठवायचे हे त्याला कळावे लागते.

शरीरातले विष उतरल्यानंतर समुपदेशकाचे मुख्य काम सुरू होते. नसीहत करणारा सांगतो: सोडून दे. समुपदेशक विचारतो: आजवर कितीदा सोडून पाहिलेस? सर्वांत जास्त दिवस कधी टिकलास? त्या दिवसांत काय वेगळे होते? मुलगा सांगतो की मागच्या रमजानमध्ये २५ रोजे ठेवले, तेव्हा हात लावला नव्हता. इथे नसीहत करणारा म्हणेल, मग ईदनंतर का घेतलीस? समुपदेशक त्या २५ दिवसांपाशीच थांबतो. सहरीला कोण उठवायचे, संध्याकाळ कुठे जायची, तरावीहनंतर कुणाबरोबर घरी यायचास? सोडण्याची ताकद या मुलात आहे याचा पुरावा त्याच्याच तोंडून बाहेर येतो. चाँदरात्री जुने मित्र भेटले आणि घसरला, हेही तो स्वतःच सांगतो. मग पुढच्या चाँदरातीचे नियोजन दोघे मिळून करतात. माणसाला स्वतःची कारणे स्वतः बोलायला लावण्याची ही पद्धत विल्यम मिलर या मानसशास्त्रज्ञाने १९८३ साली प्रथम मांडली आणि आज जगभर वापरली जाते.

तिसरे काम घसरण सांभाळण्याचे. उपचारानंतर पुन्हा नशेकडे वळणे याला केंद्रांत 'रिलॅप्स' म्हणतात. घरच्यांना वाटते, पैसे वाया गेले, हा सुधारणारच नाही. पण मधुमेह किंवा रक्तदाबाच्या रोग्याचे पथ्य मोडते तसेच हे आहे. कोणत्या वेळी, कोणत्या जागी, कोणत्या मनःस्थितीत पाय घसरला हे शोधून पुन्हा उभे करायचे असते. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार अवस्थांत घसरण्याची शक्यता वाढते, असे प्रत्येक केंद्रात शिकवतात.

आणि चौथे काम कुटुंबाचे. उधारी फेडणारी आई, मालकाला 'तब्येत बरी नाही' म्हणून फोन करणारी बायको, प्रत्येक वेळी पोलीस चौकीतून सोडवून आणणारे चाचा, हे सर्व प्रेमापोटी वागतात आणि नकळत नशेला आधार देतात. हे त्यांना दोष न देता कसे सांगायचे, याचेही प्रशिक्षण असते.

अमानत

या पेशाचा कणा गुप्तता आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार दारू व अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक विकार मानसिक आजारांत मोडतात आणि रुग्णाच्या माहितीची गुप्तता हा त्याचा हक्क आहे. त्याच कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली आहे. तमिळनाडूतील एर्वाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली, तेव्हा साखळदंडात असलेले २८ मनोरुग्ण पळू न शकल्याने मरण पावले. दर्ग्याच्या आसऱ्याने चालणाऱ्या त्या जागेत त्यांना घरच्यांनीच बरे होण्याच्या आशेने नेऊन ठेवले होते.

आपल्या छोट्या जमातींत गुप्तता पाळणे विशेष कठीण. एखाद्या वलीम्यात समुपदेशकाला आपला रुग्ण समोरून येताना दिसतो. या पेशाची रीत अशी की आपण होऊन ओळख दाखवायची नाही. सलाम करण्यात पहिल करावी असे आपण मुलांना शिकवतो, पण इथे त्याच्या सलामची वाट पाहायची, कारण बाजूला उभा असलेला सासरा विचारू शकतो की तू यांना कसा ओळखतोस? सख्ख्या नात्यातल्या माणसाचे समुपदेशन स्वतः करायचे नाही, दुसऱ्याकडे पाठवायचे, हाही नियम आहे. गुप्ततेला अपवाद मोजके: रुग्ण स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवावर उठला असेल, किंवा अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार होत असल्याचे कळले, तर गप्प राहता येत नाही. ज्यांना 'कुणाला सांगू नका' म्हणून सांगितलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत पोटात ठेवता येत नाही, त्यांनी या वाटेला जाऊ नये.

दुःखातून उभी राहिलेली कामे

चेन्नईच्या शांती रंगनाथन यांचे पती दारूच्या आजाराने १९७९ साली वारले. ज्या काळात अशा मृत्यूचे कारणही सांगितले जात नसे, त्या काळात त्यांनी परदेशात जाऊन व्यसनोपचाराचे प्रशिक्षण घेतले आणि १९८० साली पतीच्या नावाने संस्था सुरू केली. देशभरातील अनेक समुपदेशक तिथे घडले. १९९२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

पुण्यात येरवड्याला डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी मुक्तांगण सुरू केले. त्याआधी अनिल अवचटांनी ब्राउन शुगरच्या विळख्यावर लिहिलेली लेखमाला पु. ल. देशपांडे यांनी वाचली आणि ते व सुनीताबाई मदतीला पुढे आले. मुक्तांगणची एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. तिथे काम करणाऱ्यांत एके काळी स्वतः रुग्ण म्हणून दाखल झालेले अनेक जण आहेत. रुग्णांच्या पत्नींसाठी 'सहचरी' नावाचा गटही तिथे चालतो. ज्याच्या नावाला मोहल्ल्यात बट्टा लागला, तोच माणूस शिकून दुसऱ्याला हात देऊ शकतो, हे या संस्थेने महाराष्ट्राला दाखवले.

या पेशात कसे जाता येईल?

अमेरिकेत व्यसन समुपदेशकाला बहुतेक राज्यांत परवाना किंवा प्रमाणपत्र लागते. ठरावीक शिक्षण, अनुभवी समुपदेशकाच्या देखरेखीखाली दीर्घ काळ काम आणि परीक्षा असे टप्पे पार करावे लागतात. भारतात केवळ व्यसन समुपदेशकासाठी असा एकच देशव्यापी परवाना नाही. मात्र २०२१ च्या राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्यात समुपदेशक आणि वैद्यकीय समाजकार्यकर्ते यांचा समावेश झाला आहे. म्हणजे नोंदणीची शिस्त इथेही येत आहे. आज जो रीतसर शिकेल, तो उद्या अडणार नाही.

मार्ग साधारण असा आहे. बारावी कोणत्याही शाखेतून झाली तरी चालते. त्यानंतर मानसशास्त्र विषय घेऊन बी.ए. किंवा समाजकार्यातील पदवी, म्हणजे बी.एस.डब्ल्यू. पुढे एम.एस.डब्ल्यू. किंवा मानसशास्त्रात एम.ए. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्था आणि निर्मला निकेतन, पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था ही या शिक्षणाची जुनी ठिकाणे. एम.एस.डब्ल्यू.मध्ये वैद्यकीय व मनोविकार समाजकार्य हा विषय निवडता येतो, आणि अभ्यासाचा भाग म्हणून आठवड्यातील काही दिवस प्रत्यक्ष संस्थेत काम करावे लागते. ते व्यसनमुक्ती केंद्रात मिळावे असा आग्रह धरावा. वर्गात न कळणाऱ्या गोष्टी तिथे कळतात. ज्या भगिनींचे शिक्षण लग्नानंतर थांबले, त्यांच्यासाठी इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचे समाजकार्याचे अभ्यासक्रम घरी राहून करण्याजोगे आहेत.

'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' ही वेगळी पदवी आहे. तिच्यासाठी पुढील विशेष शिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते. ती नसताना कुणी ते बिरुद लावू नये. महिनाभराच्या ऑनलाइन प्रमाणपत्रावर 'थेरपिस्ट' अशी पाटी लावणाऱ्यांपासूनही सावध राहिलेले बरे.

नोकऱ्या मुख्यतः केंद्र सरकारच्या अनुदानावर स्वयंसेवी संस्था चालवतात त्या व्यसनमुक्ती व पुनर्वसन केंद्रांत, सरकारी रुग्णालयांत, खासगी मनोरुग्णालयांत आणि एड्स नियंत्रणाच्या कार्यक्रमांत असतात. स्वतः व्यसनातून बाहेर पडलेल्यांना अनुदानित केंद्रांत सहकारी मार्गदर्शक म्हणूनही जागा असतात. स्वयंसेवी संस्थांतला पगार थोडा असतो, हे लपवण्यात अर्थ नाही. कामाचा ताणही मोठा. ज्याच्यासाठी सहा महिने जीव ओतला तो पुन्हा झोकांड्या खात दारात येतो. चांगल्या केंद्रांत म्हणूनच समुपदेशकांनाही आपल्या वरिष्ठांपाशी नियमित मन मोकळे करायला बसवतात.

आपल्यातलेच का हवेत?

समुपदेशक कोणत्याही धर्माचा असो, त्याने काम चांगले केले की पुरे. मुक्तांगणात किंवा अन्य केंद्रात गेलेल्या आपल्या मुलांचाही हाच अनुभव असेल. तरीही आपल्या घरांतून माणसे तयार होण्याची गरज आहे, आणि तिची कारणे साधी आहेत.

पहिले कारण भाषा. शरमेची गोष्ट माणूस घरच्या बोलीत बोलतो. कुणाच्या घरी कोकणी बोलतात, कुणाच्या घरी दखनी, कुणाकडे शुद्ध मराठी. दुभाष्यामार्फत कुणी आपले दुःख सांगत नाही. दुसरे, घरातले वातावरण. रोजा ठेवून औषध कसे घ्यायचे हा प्रश्न रुग्णाला पडतो, हे माहीत असणारा समुपदेशक रमजानपूर्वीच त्याला डॉक्टरांकडे पाठवून वेळा ठरवून घेतो. तिसरे आणि सर्वांत मोठे कारण आपल्या स्त्रिया. व्यसनाची झळ त्यांना सर्वांत जास्त लागते, आणि मिश्री किंवा झोपेच्या गोळ्यांत त्यांच्यापैकी काही जणी स्वतःही अडकलेल्या असतात. त्या परक्या पुरुषापुढे बोलणार नाहीत. घरात जाऊन, दार लावून, चहाचा कप हातात धरून ऐकून घेणारी शिकलेली मुलगी त्यांना हवी. शिक्षिका आणि परिचारिका म्हणून आपल्या मुलींनी नाव कमावलेच आहे. हे कामही त्यांना जमण्यासारखे आहे.

आमच्या शाळेत दहावीनंतर काय करायचे हे विचारायला पालक येतात, तेव्हा 'पगार किती' हा प्रश्न आधी येतो. तो चुकीचा नाही. म्हणूनच जमातीच्या ट्रस्टनी, बैतुलमालच्या जबाबदारांनी आणि शिष्यवृत्ती देणाऱ्या अंजुमनांनी या विषयाचा विचार करावा. दरवर्षी वैद्यकीय आणि अभियांत्रिकीच्या मुलांना मदत देताना एम.एस.डब्ल्यू. किंवा मानसशास्त्र शिकणाऱ्या एक-दोघांची फी भरली, तर पाच वर्षांत तालुक्याला एक तरी प्रशिक्षित माणूस मिळेल. इमामसाहेबांनी जुम्याच्या बयानात नशेच्या गुन्ह्याबरोबर तिच्या उपचाराचेही बोलावे. घाबरलेली आई सर्वांत आधी त्यांच्याकडेच येते. तिला पुढे कुठे पाठवायचे हे त्यांना माहीत असले पाहिजे.

तोवर ज्यांच्या घरात आज हा प्रश्न उभा आहे, त्यांच्यासाठी दोन-तीन गोष्टी. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीसाठीची मोफत हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठीची 'टेलीमानस' १४४१६ या क्रमांकांवर आहे. पोलिसांच्या भीतीने उपचार टाळू नका. अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ६४-अ नुसार, सेवनाच्या किंवा अल्प प्रमाण बाळगण्याच्या आरोपातील व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी वा सरकारमान्य केंद्रात उपचार घेत असेल, तर त्या गुन्ह्यासाठी त्याच्यावर खटला चालवला जात नाही. उपचार अर्धवट सोडले तर मात्र ही सवलत जाऊ शकते. केंद्र निवडताना तिथे डॉक्टर येतात का, नोंदणी आहे का, घरच्यांना भेटू देतात का, हे विचारा. मारहाण करून व्यसन सोडवतो म्हणणाऱ्याच्या हाती मूल देऊ नका.

या वर्षी ज्यांची मुले बारावीला आहेत, त्यांनी घरात एकदा तरी या पेशाचे नाव काढावे. वर्गात शांत बसणारी, मैत्रिणी जिच्यापाशी येऊन रडतात आणि जी कुणाचे गुपित बाहेर पडू देत नाही, अशी एखादी मुलगी प्रत्येक खानदानात असते. तिला विचारून पाहा. अल्लाह तिच्या हातून कुणाच्या तरी घराचा दिवा पुन्हा लावो. आमीन.